पाहुणा कुठी बसते

मला आयुष्यात सगळ्यात जास्त धक्के ज्या माणसानं दिले, त्यानं त्यातला एकही मुद्दाम दिला नव्हता. तो कामरगावचा माझा घरमालक. धंद्यानं गवंडी. आमच्या वऱ्हाडात गवंड्याला मिस्तरी म्हणतात, आणि गावात दुसरे चार-पाच मिस्तरी असूनही नुसतं 'मिस्तरी' म्हटलं की लोक याच घराकडे बोट दाखवत. दाखवताना हसत. मी तिथल्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी स्टँडवरच्या पानठेलेवाल्यानं मला सांगितलं, "खोली पाह्यजे का सर? मंग मिस्तरीकडं जा. खोली त भेटन, पन कोनत्या देशात भेटन थे नाई सांगता येत."

मला वाटलं, नवा मास्तर पाहून गंमत करतोय. तो खरंच सांगत होता.

बौद्धपुऱ्याच्या टोकाला ते घर. रस्त्याकडून नुसती मातकट उंच भिंत. खिडकी नाही, ओटा नाही, काही नाही, कोपऱ्यात एक बुटकं दार. गुरांचा कोंडवाडा समजून मी पुढं निघून गेलो होतो. मिस्तरींच्या बायकोनं हाक मारून मागं बोलावलं. त्यांना सगळे मावशी म्हणत, मीही पुढं तेच म्हणू लागलो. दारातून वाकून आत गेलो आणि तिथंच खिळलो. मधोमध उघडं अंगण, आणि अंगणाच्या चारही भिंती खालपासून वरपर्यंत फुटक्या टाइलांच्या तुकड्यांनी मढवलेल्या. निळे, हिरवे, पिवळे. त्यांच्या चांदण्या, त्या चांदण्यांतून दुसऱ्या चांदण्या. लोकांच्या न्हाणीघरांतून उरलेले तुकडे या माणसानं वीस वर्षं पोत्यात भरून आणले होते. माझं तोंड उघडंच राहिलं असावं, कारण मावशी म्हणाल्या, "तोंड मिटा सर, माश्या लय हायेत."

"हे मोरोक्को," मिस्तरी म्हणाले. शिडशिडीत काळासावळा माणूस, साठीच्या आसपासचा, कानाला सुताराची चपटी पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल मी त्या कानावरून उतरलेली फार कमी वेळा पाहिली. "तथी घर रस्त्याले दाखोत नाई. जे काय हाये थे आत."

मग त्यांनी विचारलं, "गाव कोनतं?"

"आसेगाव. मंगरुळपीरकडचं."

"कोनाचे?"

मी बाबांचं नाव सांगितलं. ते माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "खोली तुमची." जात, पगार आणि लग्न, हे तीन प्रश्न खोली शोधता शोधता मला पाठ झाले होते. यांनी त्यातला एकही विचारला नाही. मला वाटलं, माझा चेहरा सज्जन आहे.

त्या घरात मी चार वर्षं काढली. तिथं सवय अशी कशाचीच झाली नाही.

पहिल्याच आठवड्यात मी आंघोळ करत असताना डोक्यावरून मातीचं ढेकूळ पडलं. वर पाहिलं तर छपराच्या फटीतून शेळीचा खूर. घाबरून टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. न्हाणीच्या छपरावर हिरवंगार गवत आणि शेजाऱ्याची शेळी ते निवांत चरत होती. "नॉर्वे हाये थे," मिस्तरी अंगणातून म्हणाले. "तथल्या लोकायच्या छतावर गवतच राह्यते. घर गरम राह्यते." मी म्हणालो, मिस्तरी, आपल्याकडे एप्रिलमध्ये घर गरम राहायला गवत कशाला लागतं? त्यांनी विचार केला, मान हलवली आणि म्हणाले, "पन शेळीले आवडलं."

उन्हाळ्यासाठी त्यांचा दुसरा देश होता. स्वयंपाकघराच्या वर चौकोनी मनोरा, चारी बाजूंनी उभ्या फटी. इराणात वाळवंटातली घरं असा मनोरा बांधून वारा पकडतात आणि खाली सोडतात. खोटं कशाला सांगू, मे महिन्यात अख्खं गाव कूलरसमोर तडफडत असताना मावशींच्या चुलीपाशी गार झुळूक यायची. पण सोयाबीन काढायचे दिवस आले आणि आजूबाजूच्या खळ्यांवर मळणीयंत्रं सुरू झाली, की सगळं भुसकट त्याच मनोऱ्यातून थेट वरणात. मावशी ताटावर ताट झाकून जेवायला वाढत. "सारी दुनिया आनली घरात या मानसानं," त्या मला ऐकवत, म्हणजे मिस्तरींना ऐकवत, "पन भांडे ठेवाले एक फळी नाई ठोकली. मले पुसा, मी कोनत्या देशात राह्यते? मी फळी नसलेल्या देशात राह्यते."

जपानच्या खोलीची सरकती दारं त्यांनी लाकडी चौकटीवर पतंगाचा पांढरा कागद ताणून केली होती. ती उंदरांनी तीनदा खाल्ली, यांनी चारदा लावली. आणि मागच्या आवारात मंगोलिया. बांबूच्या जाळीची गोल खोली, वरून घोंगड्या आणि गोणपाट, छताला मधोमध भोक. पावसाळ्यात त्या भोकावर खताच्या पिशव्या शिवून केलेली ताडपत्री पडायची. माणूस कोणीही येवो, लाइनमन, पोस्टमन, जनगणनेची बाई, मिस्तरी त्याला धरून आत नेत. "उंबऱ्यावर पाय नोका देऊ, तथी चालत नाई. डाव्या अंगानं या. आता दारासमोर, पार आत, तथी बसा. थे पाहुन्याची जागा." लाइनमन बिचारा पकड-पाना हातात घेऊन मानाच्या जागी बसायचा. त्याला चहा मिळायचा कपबशीत. मावशी कितीही कुरकुरोत, कपबशीच्या बाबतीत त्या घरात तडजोड नव्हती.

आतल्या पडवीत एक लांब भिंत होती, तिच्यावर चित्रं चिकटवलेली. मासिकांतून कापलेली, मोबाइलवरून उतरवून झेरॉक्सच्या दुकानात रंगीत काढून आणलेली. बर्फाचं घर, झाडावरचं घर, पाण्यात खांबांवर उभं असलेलं घर, डोंगर कोरून आत केलेलं घर. प्रत्येकाखाली पेन्सिलनं देशाचं नाव आणि पुढं एक ओळ. मला वाटलं होतं मापं असतील. वाचलं तर: 'मंगोलिया. दारासमोर, पार आत.' 'जपान. दारापासून सगळ्यात दूर.' 'तुर्कस्तान. भिंतीपाशी गादीवर, खिडकीजवळ.'

"हे काय आहे, मिस्तरी?"

"पाहुना कुठी बसते, थे." जणू घराबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नसतंच.

मिस्तरी नऊ वर्षं मस्कतला होते, बंगले बांधायला. त्या भिंतीवर जग होतं, मस्कत मात्र नव्हतं. मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं, की तिकडच्या घरात पाहुण्यांसाठी वेगळी बैठक असते, तिला वेगळं दार असतं. बंगला पूर्ण झाला त्या दिवशी मालकानं सगळ्या कामगारांना त्या दारानं आत घेतलं. गालिच्यावर बसवलं, स्वतः खाली बसला, खजूर दिले, हातानं कहवा ओतला. "आमच्या पायाले सिमेंट होतं सर. त्यानं गालिचा नाई पाह्यला, आमाले पाह्यलं."

"मग त्या घराचा फोटो का नाही लावला?"

"तथी बसून आलो ना. बसलेल्या घराचा फोटो कायले लावाचा?"

मी हसलो. माणूस विक्षिप्त आहे, एवढंच मनात आलं. दुसऱ्या दिवशी शाळेत हा किस्सा रंगवून सांगितला आणि सगळे हसले. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

माझी खोली मात्र त्या घरातली एकमेव सरळ खोली. चार भिंती, एक खिडकी, एका भिंतीत कमानीचा छोटा कोनाडा. त्यात मी चष्मा आणि मोबाइलचा चार्जर ठेवायचो. कोणता देश म्हणून विचारलं की मिस्तरी म्हणत, "सांगीन."

सांगितलं ते दुसऱ्या वर्षी. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते आपापल्या घराचा नकाशा काढायला लावत. मला कसं सोडलं होतं कोण जाणे. एका रविवारी वही माझ्यापुढं ठेवली. मी शाळेचा मास्तर, पट्टी घेऊन झकास नकाशा काढला. ओसरी, बैठक, माजघर, देवघर, मागं स्वयंपाकघर, आणि पुढं बाबांनी अलीकडे काढलेलं पोर्च.

"पाहुना कुठी बसते?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे तसं काही नाही," मी जरा अभिमानानंच म्हणालो. "आई सगळ्यांना थेट माजघरात बोलावते."

"कोनत्या पाहुन्याले?"

"कोणत्याही."

त्यांनी त्यावर काही लिहिलं नाही. वही आपल्याकडे ओढली, कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या नकाशात दुरुस्त्या करू लागले. "खिडकी अथी नाई, हातभर डावीकडं. सैपाकघराचं दार उजवीकडं उघडते. अन् माजघरात, देवघराच्या बाजूच्या भिंतीत कोनाडा हाये. थो नाई काढला तुमी."

"तिथं कपाट आहे."

"कपाटाच्या मांगं."

घर माझं, जन्म माझा त्यात गेलेला, आणि साठ-सत्तर किलोमीटरवरचा हा माणूस मला सांगतोय स्वयंपाकघराचं दार कुठं उघडतं.

"म्या बांधलं सर थे घर," ते म्हणाले. "मस्कतले जायच्या आंधी. पाच महिने तुमच्या गावात होतो. हा तुमच्या खोलीतला कोनाडा हाये ना, हा दुसरा. पह्यला तुमच्या घरी हाये."

मग त्यांनी सांगितलं, आवाज अजिबात न चढवता. वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ते देवघराच्या भिंतीला पलस्तर करत होते. कोनाडा शेवटी केला. अशी कमान त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच काढली होती, कोणी सांगितलं नव्हतं, आपल्या मनानं. सकाळी पूजा झाली. मिस्तरीला टॉवेल-टोपी द्यायची पद्धत असते, ती त्यांना दिली, अंगणात. जेवण दिलं, मांडवाच्या बाहेर. "काल सांजच्यापोतर मी देवाच्या भिंतीले हात लावून राह्यलो होतो. सकाळी घर तयार झालं अन् मी बाहेरचा झालो. असं त लय घरायचं झालं, त्याचं काई नाई. पन पलस्तर ओलं होतं सर. अशा कमानीले टोकापाशी भेग पडते बहुतेक. पडली का नाई पडली, थेवढं पाहाचं राहून गेलं."

मी तेव्हा पाळण्यातला असेन. पण टॉवेल-टोपी दिली ती माझ्या आजोबांनी, आणि उद्या तेच घर माझं.

"मी नेतो तुम्हाला," मी म्हणालो. "आता तसं राहिलं नाही, मिस्तरी."

"नाई राह्यलं ना? मंग चला."

मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "आन ना. कोन नाई म्हनते? आता कोन पाहते थे." मला इतका आनंद झाला की मी ते वाक्य जसंच्या तसं मिस्तरींना सांगितलं.

जायच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. आईसाठी संत्र्यांची पिशवी घेतली. खिशात ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का पाहायचा तो दोरीचा लोलक. "राहू द्या," मावशी म्हणाल्या, "पाहुने चालले तुमी." तरी घेतलाच. कारंज्याला गाडी बदलली, मंगरुळपीरला बदलली. सगळ्या रस्त्यात ते मला पलस्तराबद्दल सांगत होते, वाळू कशी चाळायची, पाणी किती दिवस मारायचं.

बाबा फाटकापाशी उभे होते. "या मिस्तरी, या," म्हणाले. मनापासून म्हणाले, हे मी आजही शपथेवर सांगेन. पोर्चमध्ये तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. आम्ही बसलो. पाऊस, सोयाबीनवरचा पिवळा रोग, कोण गेलं, कोण राहिलं. मिस्तरींनी संत्री दिली, बाबांनी ती खुर्चीखाली ठेवली. आतून आई चहा घेऊन आली.

ट्रेमध्ये दोन कपबशा होत्या आणि एक कागदी कप.

आमच्या घरी दोन डझन कपबशा आहेत. त्या कुठं ठेवलेल्या असतात ते मला माहीत आहे. तो कागदी कप भाच्याच्या बारशातून उरलेला. आईनं ट्रे असा फिरवला की तो कप बरोबर मिस्तरींच्या पुढं आला. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, राग नाही, किळस नाही. रोज दूध तापवताना असतो तसा चेहरा. मला सगळ्यात जास्त हादरा त्याचाच बसला. मी कपबशी उचलली.

मिस्तरींनी चहा संपवला. "चांगला झाला," म्हणाले. मग बाबांना, "भाऊ, माजघरातला थो कोनाडा येकडाव पाहू का? भेग पडली का थेवढं पाह्यतो, दोन मिनिटं."

बाबांनी दाराकडे पाहिलं, मग आईकडे. "पाहा ना, पन आत पसारा लय पडला हाये. अन् त्याच्यापुढं कपाट हाये, लय जड. सरकत नाई थे."

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात. फक्त पाहिलं, मी काय म्हणतो ते ऐकायला.

"हो," मी म्हणालो. "जड आहे कपाट."

एवढं मी बोललो. मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

त्यांनी मान हलवली. आपला कागदी कप आपण उचलला, फाटकाबाहेरच्या उकिरड्यावर टाकला आणि तिथूनच म्हणाले, "चला सर, तीनची गाडी भेटन." परतीच्या वाटेत ते एकदाच बोलले. "पोर्चचा उतार चुकला त्यायचा. पानी घराकडं येईन. सांगा तुमच्या बाबाले." मी खिडकीबाहेर पाहत होतो. रडावं म्हटलं तर तेवढाही हक्क उरला नव्हता.

घरी पोचल्यावर मावशींनी मिस्तरींच्या तोंडाकडे पाहिलं. मला जेवायला बोलावलं. मंगोलियाच्या खोलीत, दारासमोर, पार आत.

पुढच्या रविवारी मी एकटा आसेगावला गेलो. आई मागं कपडे वाळत घालत होती. मी कपाटाला हात लावला. सांगायला लाज वाटते, ते एका हातानं सरकलं. आत जुन्या रजया होत्या फक्त. मागं तो कोनाडा. टोकदार कमान, कडा आतल्या बाजूला हलकेच वळवलेल्या, तळाला बोटाएवढा उतार. तीस वर्षं अंधारात राहून पलस्तर कालचं वाटत होतं. मी टोकापाशी नखानं चाचपून पाहिलं. भेग नव्हती. मी मोबाइलवर फोटो काढला, कपाट जागेवर सरकवलं. आईनं विचारलं, "काय करून राह्यला रे?" मी म्हणालो, काही नाही.

फोटो पाहताना मिस्तरींनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, कमानीच्या टोकावर नेलं, थांबले. "नाई पडली," म्हणाले. मावशींना हाक मारली. "अवो, पाहा, नाई पडली भेग." मावशींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग? तुमच्या हाताची कुठी पडते." इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फोटो मागितला, मी त्यांच्या मोबाइलवर पाठवला. मला वाटलं, चला, फिटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो. पडवीतल्या भिंतीवर, बर्फाचं घर आणि पाण्यातलं घर यांच्यामध्ये, झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत काढून आणलेला आमचा कोनाडा चिकटवलेला होता. खाली पेन्सिलनं लिहिलं होतं:

'आसेगाव. पोर्चमधी.'

तिथंच जमिनीवर बसलो. मस्कतची गोष्ट मला त्या क्षणी पहिल्यांदा कळली. बसलेल्या घराचा फोटो ते लावत नसत.

मिस्तरी जपानच्या दाराला नवा कागद लावत होते. मी म्हणालो, "मिस्तरी, ते खोडा."

"पेन्सिल हाये सर. खोडता येते, म्हनूनच मी पेन्सिलनं लिह्यतो." त्यांनी कागदाला खळ लावली, कड दाबली, हात पुसले आणि माझ्याकडे वळले. आवाजात टोमणा नव्हता. "तुमी सांगा कवा खोडू."

मी म्हणालो, दिवाळीत.

त्यानंतर दोन वर्षं मी तिथं राहिलो, मग मेडशीला बदली झाली. खोली सोडताना त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं, दिवाळीचं विचारलं नाही. आता दर दिवाळीला मी एकटाच आसेगावला जातो. माजघरात गादीवर बसतो, पाठ त्या कपाटाला टेकते, आई कपबशीत चहा देते आणि मी तो पितो.